एकाच केंद्रावरचं सगळं कुठं गेलं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : या वेळी रेडिओ

प्रश्न : पूर्वी मुंबई केंद्रावर कामगार सभा, वनिता मंडळ, नाट्यगीतं, बातम्या, आपली आवड असं सगळं एकाच जागी ऐकू यायचं. आता गाणी एकीकडे, भाषणं दुसरीकडे. एफएममुळे हे झालं का?

उत्तर : एफएमवर हा आळ उगीच येतो. फाटाफूट त्याच्या कितीतरी आधीची आहे.

मुंबई केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं, ते खासगी कंपनीचं. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली आणि एप्रिल 1930 मध्ये कारभार सरकारकडे आला. आकाशवाणीची घडी बसली ती 'फिक्स्ड पॉइंट चार्ट'वर. दिवसाचे पाच, पंधरा, तीस मिनिटांचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका श्रोतृवर्गाला द्यायचा. दिल्लीच्या बातम्या ठरल्या ठोक्याला येणार, म्हणजे त्याआधीचं भाषण दोन मिनिटं लवकर संपलं तर ती दोन मिनिटं वाद्यसंगीतानं भरायची. जुन्या श्रोत्यांना आठवणारी ती अर्धवट तुटणारी सतार बहुतेक वेळा अशी भरणीची असे.

1952 मध्ये बी. व्ही. केसकर नभोवाणीमंत्री झाले. सिनेसंगीताला कात्री लागली आणि श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्यावरचा उपाय म्हणून 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूरला तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या. गाण्यांना आणि जाहिरातींना स्वतंत्र घर मिळालं, तेव्हा मूळ केंद्राकडे शेती, नाटक, भाषणं, शास्त्रीय संगीत उरलं. आमच्या मते खरी वाटणी इथंच झाली.

प्रश्न : खासगी एफएम सगळे सारखेच का वाटतात? त्यांच्या स्वतःच्या बातम्या का नसतात?

उत्तर : बातम्यांचं कारण परवान्यात आहे. 2011 च्या धोरणानं आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायला मुभा दिली, स्वतःचं करायला नाही. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणीपुरवठा ही माहिती बातमीत धरली जात नाही. म्हणून निवेदक ट्रॅफिकवर इतकं बोलतात!

सारखेपणाचं मूळ पैशात आहे. पहिल्या फेरीतल्या परवान्यांची फी ठरावीक होती आणि दरसाल 15 टक्क्यांनी वाढायची. वेगळं काही करून पाहण्यापेक्षा चालती हिंदी गाणी लावणं सुरक्षित होतं. 2005 मध्ये फी उत्पन्नाच्या 4 टक्क्यांशी जोडली गेली, पण तोवर सवय मुरली होती.

शिवाय इथं चार्टच्या जागी 'क्लॉक' असतं, म्हणजे तासाचं वर्तुळ. समजा 12 मिनिटं जाहिराती आणि 4 मिनिटं निवेदकाच्या लिंक्स, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं. उरली 44 मिनिटं. साडेचार मिनिटांचं एक, अशी नऊ गाणी बसतात, दहावं अर्धवट कापावं लागतं. तेच वर्तुळ पुढच्या तासाला पुन्हा फिरतं. यात अर्ध्या तासाचं नाटक बसवायचं तर वर्तुळच मोडावं लागेल.

प्रश्न : पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर दिवसा बरं लागतं, रात्री घरघर आणि मध्येच परकी स्टेशनं. रेडिओ बिघडला का?

उत्तर : नाही. 792 किलोहर्ट्झ मीडियम वेव्हमध्ये येतं. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर या वेव्हच्या आकाशाकडे जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या केंद्रांच्या लहरी वरच्या थरावरून परतून तुमच्या घरात उतरतात.

घरघर मात्र बहुधा घरातलीच. रेडिओ सेलवर चालवा आणि एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा अडॅप्टर एकेक करून प्लगमधून काढा. ज्यानं आवाज थांबेल तो गुन्हेगार. मग रेडिओ आडव्या दिशेत हळूहळू फिरवा. आतली फेराइटची कांडी, म्हणजे मीडियम वेव्हची एरियल, केंद्राकडे टोक करून असली की सर्वांत कमी पकडते, काटकोनात सर्वांत जास्त. त्रास एकाच दिशेनं येत असेल तर कांडीचं टोक त्या त्रासाकडे करा. वरची पत्र्याची एरियल ताणून उपयोग नाही. बहुतेक लहान संचांत ती एफएम आणि शॉर्ट वेव्हपुरती असते. एफएमसाठी ती साधारण 75 सेंटिमीटर काढा, 100 मेगाहर्ट्झच्या लहरीचा तो चौथा भाग. 792 साठी तोच हिशेब 95 मीटरवर जातो, आणि म्हणूनच कांडी.