अण्णांची धाप आणि आतड्याची पिशवी

प्रश्न: डॉक्टर, आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. वडलांना, अण्णांना, मूत्राशयाचा कॅन्सर झालेला, दीड वर्षापूर्वी मूत्राशय काढून आतड्याची नवीन पिशवी केली. स्कॅन क्लिअर आहे. पण दोन महिन्यांपासून जेवण जात नाही, मळमळतं, वजन उतरलं, बांधापर्यंत चाललं तरी धाप लागते. गावात दोनदा सलाईन लावलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. लोक म्हणतात वय झालं, आणि केळी बंद करा. काय करू?

उत्तर: दादा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका, आधी रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार, तपासा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन सगळे करतात पण हेच नेमकं राहून जातं, म्हणून नाव घेऊन सांगा.

होतं असं की आतड्याचं कामच शोषून घ्यायचं, त्याची पिशवी शिवली तरी ते काम थांबत नाही. लघवीतलं अमोनियम आणि क्लोराईड ते परत रक्तात ओढतं, बायकार्बोनेट बाहेर सोडतं, मग रक्तात आम्ल वाढतं आणि ते कमी करायला श्वास जोरात चालतो, म्हणून ती धाप, भूकही त्यानेच मरते. साध्या सलाईनमध्ये पण क्लोराईडच असतं, त्यामुळे पाणी कमी झालेलं भरून निघतं पण मूळ दुखणं तसंच राहतं, कधी वाढतं सुद्धा. वर्षानुवर्षं असंच चाललं तर हाडातलं कॅल्शियम झिजतं, मुतखडेही होतात.

बायकार्बोनेट कमी निघालं तर गोळ्या मिळतात, पण घरचा खायचा सोडा अंदाजाने देऊ नका, त्यातल्या सोडियमने बीपी आणि सूज वाढू शकते. लघवी जितकी जास्त वेळ पिशवीत तितकं शोषण जास्त, म्हणून दिवसा तीन-चार तासांनी लघवी करायला लावा आणि रात्री अलार्म लावून उठवा, पिशवी पूर्ण रिकामी होते का ते सोनोग्राफीत बघून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात ऊन कसं असतं सांगायला नको, तेव्हा पाणी अजिबात कमी पडू देऊ नका.

केळी उगाच बंद करू नका हो, पोटॅशियम जास्त निघालं तरच, ते कमीही असू शकतं.

आणि बी-१२ जीवनसत्त्व दरवर्षी तपासा. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथलाच तुकडा पिशवीला वापरतात, लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो आणि मग पायाला मुंग्या सुरू होतात. अण्णा माळकरी असतील, दूधही फार घेत नसतील तर साठा आधीच कमी असणार.

उलट्या थांबेनात, ताप आला किंवा ते गुंगीत वाटले तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी जळगावला घेऊन जा, ऑपरेशनची फाईल सोबत ठेवा.