पेशी उपाशी ठेवताना

एमटॉरवर (अन्न आहे का ते बघून पेशीची वाढ चालू-बंद करणारं प्रथिन) काम सुरू करतोयस, तर आधी सीरमकडे (पेशींच्या माध्यमात घालतात तो रक्ताचा द्रव भाग) बघ. साध्या सीरममध्ये अमिनो आम्लं असतातच. ते घालून पेशी 'उपाशी' ठेवणं म्हणजे एकादशीला खिचडी चापण्यासारखं. डायलाइझ केलेलंच, म्हणजे अमिनो आम्लांसारखे छोटे रेणू काढून टाकलेलंच, वापर. माझे पहिले दोन महिने यातच गेले.

एचईके पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) ५० मिनिटं ल्युसिन या अमिनो आम्लाशिवाय ठेव, मग १० मिनिटं ल्युसिन दे. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) एस६के१ या प्रथिनाची फॉस्फो-३८९ पट्टी, म्हणजे एमटॉर चालू असल्याची खूण, आधी विझते, मग उजळते. होतं असं, की ल्युसिन चिकटलं की सेस्ट्रिन२ हा ल्युसिनचा पहारेकरी अडवून धरलेल्या गेटर२ या प्रथिनसंचाला सोडतो (आर्जिनिनसाठी हेच काम कॅस्टर१ चं), आणि त्यामुळे रॅग प्रथिनं एमटॉरसी१ ला (एमटॉर असलेला प्रथिनसंच) लायसोसोमवर (पेशीतली पचनाची पिशवी) ओढून आणतात. पण नुसतं पोचून भागत नाही. तिथे त्याला चालू करणारं प्रथिन म्हणजे र्‍हेब, आणि र्‍हेबला इन्सुलिनसारखा वाढीचा संकेत लागतो. म्हणून सीरम पूर्ण काढलंस तर ल्युसिन देऊनही पट्टी फिकीच.

धुताना माध्यम पेशींवर थेट ओतू नकोस, कडेने सोड. एचईके लगेच सुटतात. आणि एमटॉर बंद करायला नुसत्या रॅपामायसिन या औषधावर विसंबू नकोस, ४ई-बीपी१ (एमटॉर ज्यावर काम करतो ते आणखी एक प्रथिन) त्याला फारशी दाद देत नाही. टोरिन१ (एमटॉरला जास्त पूर्णपणे बंद करणारं रसायन) दिलेली एक प्लेट ठेवच.