'मुलीला घर आठवले' : कर्ता कोण?

प्रश्न : धातूला 'णारा' जोडून 'कोण' किंवा 'काय' असे विचारले की कर्ता सापडतो, असे आम्हाला शाळेत शिकवले. त्या रीतीने 'मुलीला घर आठवले' या वाक्यात आठवणारे ते 'घर', म्हणून घर हा कर्ता. आठवण मुलीला झालेली असताना हे कसे? इतर भाषांतही असेच असते का?

उत्तर : शाळेतले उत्तर चूक नाही, अपुरे आहे. क्रियापद खरोखरच घराच्या बाजूने आहे. 'घर'च्या जागी 'शाळा' ठेवली की 'आठवली' होते, पण 'मुलीला'चे 'मुलाला' केले तरी क्रियापद जागचे हलत नाही. आता 'मुलीला आपले घर आठवले' असे म्हणून पाहा. हे 'आपले' मुलीचेच. 'पत्र वाचून मुलीला रडू आले' यातही 'आले' हे रूप 'रडू'प्रमाणे चालते, मात्र पत्र वाचणारी मुलगीच असते. म्हणजे क्रियापदाला लिंग-वचन देणे आणि 'आपला' किंवा 'वाचून' यांचा धनी असणे ही दोन कामे येथे दोन वेगळ्या नामांनी वाटून घेतली आहेत. मला सर्वांत विलक्षण वाटते ते 'तू पोथी वाचलीस' हे वाक्य : 'वाचलीस'मधली 'ली' पोथीची आणि शेवटचा 'स' तुझा! आपले वैयाकरण याला कर्तृ-कर्म-संकर म्हणतात.

पाणिनीने 'स्वतंत्रः कर्ता' अशी व्याख्या केली, म्हणजे क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, मग क्रियापद कोणाशीही जुळो. त्यामुळे 'रामेण ग्रन्थः पठ्यते' (रामाकडून ग्रंथ वाचला जातो) या संस्कृत वाक्यात क्रियापद ग्रंथाशी जुळले तरी कर्ता रामच राहतो. इंग्रजी व्याकरणातला 'सब्जेक्ट' मात्र वाक्यातल्या जागेशी बांधलेला असतो, आणि ती जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून 'इट इज रेनिंग'मध्ये कशाचाच निर्देश न करणारे 'इट' बसवावे लागते. इटालियन भाषेत 'पिओवे' या एका क्रियापदात तेच वाक्य पुरे होते.

ऑस्ट्रेलियातील जिरबल भाषा तर आपल्या सवयीला धक्काच देते. 'वडिलांनी आईला पाहिले आणि परतले' अशा घडणीचे वाक्य त्या भाषेत उच्चारले, तर परतणारी व्यक्ती आई असते.