चोळताना चेहराच निघून येतो!

प्रश्न : मी आठवी-नववीला चित्रकला शिकवते. घरातल्या जुन्या फोटोची प्रिंट ड्रॉइंग पेपरवर फेविकॉलने उलटी चिकटवून, मागचा कागद पाण्याने चोळून काढायचा, असा उपक्रम घेतला. काहींची शाई पसरली, काहींचा चेहराच कागदाबरोबर निघून आला. तासाभरात हे जमतं का? आणि त्या फोटोभोवती रचलेलं कोलाज नुसती कात्रणं चिकटवल्यासारखं का दिसतं?
– एक कलाशिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, शाई पसरली ती प्रिंट इंकजेटची असणार. ती शाई बहुधा पाण्यात विरघळते. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटच घ्या. त्यातला टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी. ती फेविकॉलला धरून राहते आणि भिजलेला कागद तेवढा सुटतो.

चेहरा निघतो तो घाईमुळे. साधा फेविकॉल पूर्ण वाळला नाही तर पाणी लागताच पुन्हा मऊ पडतो. म्हणून एका तासात हे करूच नका. आज चिकटवा, जुन्या पट्टीने मधून कडेकडे दाबत हवा काढा, आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी ओल्या स्पंजने कागद फक्त दमट करा. बोटाच्या पेराने गोल गोल चोळा, नख लावू नका. वाळल्यावर उरलेल्या कागदाची पांढुरकी साय दिसली की पुन्हा एकदा हलकेच चोळायचं. ड्रॉइंग पेपर स्वतःच भिजून सोलवटतो. त्याऐवजी पांढरा ॲक्रिलिक रंग दिलेला जाड पुठ्ठा किंवा सुती कापड वापरा.

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग १९५० च्या दशकाच्या अखेरीस मासिकातली चित्रं लायटरच्या इंधनाने भिजवून, मागून घासून कागदावर उतरवत असे. त्याची ती चित्रं मुलांना जरूर दाखवा, पण थिनर किंवा तसलं काहीही वर्गात आणू देऊ नका. बंद खोलीत ती वाफ मुलांच्या छातीत जाते.

आता कोलाज. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. फोटो मधोमध आणि भोवती मासिकातली फुलं, असं झालं की दोघांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजीचा फोटो आजीच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर उतरवला होता. काठ तसाच ठेवला, बाजूला बियाण्याच्या पिशवीचा कागद आणि एसटीचं तिकीट लावलं, आणि आजीच्या खांद्यावरून पिशवीपर्यंत पेन्सिलीने शेताचे बांध ओढत नेले. त्या रेघांनी सगळं एकत्र आणलं. तुमच्या मुलांनाही आधी माणूस ठरवू द्या, मग त्या माणसाच्या हाताखालून गेलेले कागद गोळा करायला सांगा: लग्नपत्रिका, कॅलेंडरचं पान, वीजबिल. नेटवरची चित्रं या कामात नकोच. कुठे चेहऱ्याचा टवका उडाला तर तिथे रंग भरू देऊ नका. खालचं कापड दिसू दे.

मूळ फोटो मात्र शाळेत आणवू नका, झेरॉक्सच आणायला सांगा. फोटोत दुकानाची पाटी किंवा नाव असेल तर झेरॉक्सवाल्याला आधीच उलटी प्रत काढायला सांगा, नाहीतर उतरल्यावर अक्षरं आरशातल्यासारखी येतील.