मुत्सद्दी म्हणजे कौतुक की टोमणा?

प्रश्न: माझी आत्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली. निरोप समारंभात एका सरांनी भाषणात तिला "मुत्सद्दी" म्हटलं आणि तेव्हापासून ती नाराज आहे, म्हणते मला आतल्या गाठीची म्हणाले. मला तर ते कौतुकच वाटलं. हा शब्द मुळात चांगला की वाईट, आणि आला कुठून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आत्यांना आधी सांगा की मनाला लावून घेऊ नका, पण त्यांना जे टोचलं ते उगाच टोचलेलं नाही हेही खरं. "तो ना, फार मुत्सद्दी आहे हं" असं आपण गल्लीत बोलतो तेव्हा पोटात एक ओठात एक असंच सुचवायचं असतं, आणि पेपरमधे तोच शब्द परदेशात वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्याला आदराने लावलेला असतो. दोन्ही चालू आहे. पण मुळात जाल तर त्यात कपटही नाही आणि वाटाघाटीही नाहीत.

शब्द अरबी, मुतसद्दी. अर्थ काय तर काम अंगावर घेणारा, त्याला सामोरा जाणारा. फारसीतून तो मुघलांच्या कारभारात आला आणि तिथे कारकून, हिशेबनीस, कचेरीतला अधिकारी असा अर्थ पक्का झाला, म्हणजे साधा लिहिणारा तो पण मुत्सद्दी आणि सुरतेसारख्या बंदराचा अख्खा कारभार बघणारा बडा अधिकारी तो पण मुत्सद्दीच. मारवाडात राज्याचा कारभार लेखणीवर चालवणाऱ्या घराण्यांना मुत्सद्दी म्हणायचे. इराणमधे आजही काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हाच शब्द आहे. बंगालीत मात्र तो घसरला, तिथे मुत्सुद्दी म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांचा हस्तक आणि डाव्या लोकांच्या लिखाणात तर ती सरळ शिवी आहे.

आणि आपल्याकडे तो इतका वर का चढला? मला वाटतं याचं उत्तर पेशवाईत आहे. तेव्हा दरबारात दोन प्रकारची माणसं, तलवारीची ते सरदार आणि लेखणीची ते मुत्सद्दी. आता राज्याराज्यांतलं सगळं राजकारण चालायचं पत्रांवर, मग ज्याच्या हातात दप्तर त्याच्याच हातात बातम्या, करारमदार, कोणाचं कोणाशी जुळतंय आणि कोणाचं फाटलंय ही सगळी माहिती. म्हणजे कारकुनी करणाराच हळूहळू राज्याचा मेंदू झाला आणि शब्दाचा अर्थ त्याच्यामागून गेला.

नाना फडणवीसांचंच बघा ना. फडणवीस हे मुळात पद आहे, फर्द म्हणजे हिशेबाचा कागद आणि नवीस म्हणजे लिहिणारा, शुद्ध कारकुनी नाव! आणि या माणसाने १७८० मधे हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले अशा एकमेकांवर अजिबात विश्वास नसलेल्या तिघांना इंग्रजांविरुद्ध एका बाजूला आणलं. भोसले आणि निजाम पुढे गळले, ते वेगळं, पण नुसत्या पत्रांवर एवढं जमवणं ही केवढी गोष्ट आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहात मधे होते महादजी शिंदे, ते तर तलवारीचे सरदार, पण तिथे मुत्सद्देगिरी त्यांनीही केली. म्हणजे तोवर हे नुसतं पद उरलं नव्हतं, गुण झाला होता. साडेतीन शहाण्यांची गोष्ट माहीत असेलच, त्यात सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना अर्धे, का तर ते तलवार चालवत नसत असं सांगतात. मला हा हिशेब कधीच पटला नाही. १८०० मधे नाना गेले तेव्हा पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटनेच लिहिलं की मराठी राज्याचं शहाणपण आणि संयम नानांबरोबर गेला. शत्रूच्या माणसाने हे लिहावं, याहून मोठी पावती कुठली?

जाता जाता, परक्या दरबारात जाणाऱ्याला त्या काळी वकील म्हणायचे. १६५९ मधे अफझलखानाकडे महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले आणि खानाकडून कृष्णाजी भास्कर आले, ते वकील म्हणूनच. तुर्कीतून आलेला एलची आणि अरबी हेजीब हेही त्याच अर्थाचे. आज मात्र वकील म्हटलं की काळा कोट!

तर आत्यांना सांगा, सरांच्या मनात काय होतं ते मला कळणार नाही, पण शाळा चालवणारी बाई म्हणजे पालक, शिक्षक, संस्थाचालक सगळ्यांना सांभाळून काम अंगावर घेणारी, आणि मुतसद्दीचा अर्थ अगदी हाच आहे.

प्रश्न: मग टॅक्टला, म्हणजे कोणाला न दुखवता बोलण्या-वागण्याच्या समजेला, मराठीत काय म्हणायचं? मुत्सद्दीपणा फार जड वाटतो. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: जडच आहे, घरात नाही चालत तो. शिष्टाई म्हणाल तर ती मध्यस्थी, कृष्णाने पांडवांसाठी कौरवांकडे जाऊन केली ती. मला विचाराल तर तारतम्य. संस्कृतात "तर" आणि "तम" हे प्रत्यय आहेत, लघुतर लघुतम मधले, म्हणजे जास्त आणि सगळ्यात जास्त, आणि त्या दोघांना जोडून तारतम्य झालं. कुठली गोष्ट किती महत्त्वाची, कुठे किती बोलायचं, याची पायरी ओळखणं. इंग्रजी टॅक्ट लॅटिनमधल्या स्पर्शावरून आला, आपला मोजमापावरून, आणि मला आपला जास्त नेमका वाटतो. फक्त एक गोष्ट खटकते, हा शब्द आपण जवळजवळ नेहमी नसल्यावरच वापरतो, "काही तारतम्य आहे की नाही" असं ओरडताना. "तिला फार छान तारतम्य आहे" असं कोणाला तोंडावर म्हणून बघा, ऐकायला बरं वाटतं.