सोडलेला मासा चालेल, पण कधी सोडला ते सहीआधी लेखी घ्या

पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

तुम्ही डिचोलीचे. खाडीत फ्लायवर, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या नकली किड्यावर, चोणक आणि तांबोशी काढता. एका चॅनेलच्या फ्लाय फिशिंग स्पर्धेसाठी निवड झालीय, चित्रीकरण हिमाचलात. कोऑर्डिनेटर फोनवर सहज बोलून गेला की ‘टेन्शन नको, मासे आदल्या दिवशी सोडतो, सगळ्यांना मिळतील’. करारात मात्र ‘नैसर्गिक नदीतील वन्य ट्राउट’ असं छापलंय. तुम्ही विचारताय, जावं का, आणि असा मासा पकडण्यात काही अर्थ आहे का. मीही गोव्यातलाच, पाहुण्यांना गरवायला नेणारा गाइड. नेमकं हेच माझ्या वाट्याला आलं होतं, दुसऱ्या एका डोंगरी राज्यात, दुसऱ्या एका कार्यक्रमात.

कास्टिंग, लीडर, कुठली फ्लाय यावर लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. फक्त खाडीतला आठ नंबरचा रॉड घरी ठेवा, तिथे चार-पाच नंबर पुरतो.

वर दोघांनी लिहिलंय की सोडलेला मासा म्हणजे शुद्ध फसवणूक, जाऊच नका. हे मला पटत नाही. आपल्या देशात ट्राउट मुळात सोडलेलाच आहे. काश्मीरसाठी ब्रिटनहून मागवलेली ब्राउन ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप 1899 मध्ये वाया गेली, 1900 ची जगली. कुलूच्या खोऱ्यात 1909 मध्ये सुरुवात झाली. रेनबो ट्राउट तर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा आणि समोरच्या कामचाटकाचा. हिमाचलातल्या तीर्थन नदीतला जो ‘रानटी’ ब्राउन गरवणारे डोक्यावर घेऊन नाचतात, त्याचे पूर्वज हॅचरीच्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्राच्या, टाकीतूनच आले. हिमालयातले घरचे मासे म्हणजे महसीर आणि असला, ज्याला इंग्रजीवाले स्नो ट्राउट म्हणतात. नाव ट्राउट, पण तो कार्पच्या कुळातला. टीव्हीला हे दोघे फारसे चालत नाहीत, टीव्हीला परदेशी मासिकाच्या मुखपृष्ठावरचा मासा हवा.

अमेरिकेतही ब्राउन ट्राउट बाहेरचाच, 1883 मध्ये जर्मनीहून आणलेला. मोंटाना राज्याने 1974 मध्ये नद्यांत ट्राउट सोडणं बंद केलं, कारण मॅडिसन नदीवरच्या अभ्यासात दिसलं की हॅचरीचे मासे सोडले की नदीत जन्मलेल्यांची संख्या उलट घटते. आज जगभरचे लोक तिथे ज्या माशांसाठी जातात ते बहुतेक कधीतरी सोडलेल्यांचेच वंशज. त्याला कोणी खोटं म्हणत नाही. कारण ते मासे त्या पाण्यात जन्मले, तिथले किडे खाऊन वाढले, पक्ष्यांच्या चोचीतून वाचले.

म्हणून माझ्या मते सगळा फरक तारखेत आहे. बोटुकली असताना सोडलेला मासा दोन पावसाळे नदीत काढतो तेव्हा तो नदीचा होतो. टाकीत घासून झिजलेले त्याचे परही बरेचसे भरून येतात, मग नुसतं बघून कोणी छातीठोक सांगू नये. काल सोडलेला मासा टाकीचाच असतो.

टाकीचा म्हणजे काय ते सांगतो. वाहतुकीत पाणी घाण होऊ नये म्हणून हॅचरीवाले गाडीत भरण्याआधी माशांना उपाशी ठेवतात. मग हिंदकळत प्रवास, मग अनोळखी प्रवाह. बिचारे जिथे गाडी पोचते तिथल्याच संथ कोंडीत घोळका करून उभे राहतात. काही तर सुरुवातीला तोंडच उघडत नाहीत. निर्मात्यांना हे ठाऊक नसतं, आणि ‘एवढे सोडले तरी लागत का नाहीत’ म्हणून ते आपल्यावरच चिडतात. जे तोंड उघडतात ते पाण्यावर काही टपकलं की धावतात, कारण आयुष्यभर खाद्याच्या गोळ्या तशाच पडल्या. तुमचा बारीक टिपेट (दोरीचं शेवटचं टोक), हळुवार ड्रिफ्ट, दगड उलटून केलेला किड्यांचा अभ्यास, सगळं मुसळ केरात. मणीवाली जड निंफ, म्हणजे बुडणारी फ्लाय, धप्पकन टाकणारा जिंकतो.

आणि स्पर्धा म्हणून तर हे अगदीच वाईट. फिप्स-मूश या फ्लाय फिशिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक स्पर्धांत तीन-तीन तासांची सत्रं असतात, बीट (ज्याच्या-त्याच्या वाट्याचा पाण्याचा तुकडा) चिठ्ठीने मिळतात, गळाला बार्ब, म्हणजे उलटा काटा, चालत नाही, प्रत्येक मासा कंट्रोलर मोजतो आणि तो परत पाण्यात जातो. तलावाच्या सत्रात रेनबो सोडलेले असणं तिथे नवलाचं नाही, आणि ते कोणी लपवतही नाही. पण नदीच्या एका टोकाला काल मासे ओतले असतील तर ज्याच्या चिठ्ठीत ते टोक आलं तो जिंकला. कौशल्य गेलं तेल लावत.

टीव्हीवाल्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. युनिटचा रोजचा खर्च, डोंगरातली हवा, आणि मासा काही कॉल शीट वाचून येत नाही. सोडा ना मासे! फक्त पडद्यावर एक ओळ टाका की सोडलेत. ती ओळ टाकायला यांना जीवावर येतं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओहायोत ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत दोघांनी आणलेल्या वॉलाय माशांच्या पोटात वजन वाढवायला घातलेले शिशाचे गोळे निघाले. पुढच्या वर्षी दोघांनी गुन्हा कबूल केला, दहा दिवस तुरुंगात गेले, बोटही गमावली. गरवणाऱ्याने माशात शिसं घातलं तर तुरुंग, आणि निर्मात्याने नदीत मासे घातले तर त्याला म्हणायचं प्रॉडक्शन.

आता माझं. कार्यक्रम लागला. माझ्या हातातल्या ब्राउनवर निवेदकाचा आवाज आला की हा बर्फाच्या पाण्यात जन्मलेला रानटी मासा. क्लोजअपमध्ये मात्र त्याचा पाठीवरचा पर झिजून लाटेसारखा झालेला, छातीचे पर आखूड, नाकाड सिमेंटला घासलेलं. ज्याने हॅचरी पाहिलीय त्याला दुसऱ्या नजरेची गरज नव्हती. क्लिप फिरली, आणि ती कार्यक्रमाच्या नावाने फिरली नाही, माझ्या नावाने फिरली. ‘गोव्याचा गाइड, फार्मचा मासा.’

मला एकच कागद हवा होता. त्या बीटवर किती मासे, कुठून आणि कोणत्या तारखेला सोडले. म्हणजे निदान म्हणता आलं असतं की बाबांनो, हे बघा, आम्हा सगळ्यांसाठीच सोडलेले होते आणि मी ते लपवत नाही. निर्माते म्हणाले की ती माहिती परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयाची. कार्यालय म्हणालं की निर्मात्यांना विचारा. फोनवर प्रत्येक वेळी वेगळा माणूस, आणि प्रत्येकाला गोवा ऐकल्यावर आधी फिरायला कधी यावं ते विचारायचं असे.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत यायला हवं, आणि विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम 6(3) खाली पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायला हवा. माझा अर्ज महिना उलटून गेल्यावर तिकडे गेला. आणि उत्तर काय आलं? संबंधित काळात त्या नदीपात्रात मत्स्यबीज सोडल्याची नोंद नाही!

म्हणजे सरकारी कागदानुसार माझा मासा रानटी. तो कागद दाखवून कॉमेंटवाल्यांची तोंडं बंद करता आली असती, मित्रांनी तसा सल्लाही दिला. पण त्या माशाचे पर सगळ्यांनी पाहिले होते, कोणाला वेडं बनवणार?

गोम नंतर कळली. निर्मात्यांनी मासे किलोवर विकत घेतले होते, हॉटेलवाला घेतो तसे. त्यामुळे त्यांची नोंद विक्रीच्या पावतीत, सोडण्याच्या रजिस्टरात काहीच नाही. म्हणून विक्रीच्या पावत्या मागितल्या, तर कलम 8(1)(घ) दाखवून व्यापारी गोपनीयता म्हणून नकार. पहिलं अपील केलं. सुनावणीला मडगावहून गोवा संपर्क क्रांतीने चंडीगड, पुढे बसने घाट चढून गेलो, तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या तारखेचं पत्र घरी पोचलं तेव्हा ती तारीख होऊन गेली होती. अपिलाला स्वतः जायची सक्ती नसते, लेखी म्हणणं पाठवलं तरी चालतं, हे मला त्या कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं. आतल्या कोणाला ते सांगावंसं वाटलं नाही. या सगळ्यात पावसानंतरचा काळ गेला, जेव्हा नद्यांचं पाणी निवळायला लागतं आणि पाहुणे येतात. क्लिप बघून एका ग्रुपने बुकिंग रद्द केलं ते वेगळंच. निर्मात्यांवर माझा राग होता, पण त्यांचा निदान धंदा तरी होता. रजिस्टर उघडून बघायला त्या कार्यालयाचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

असो. तुमच्याकडे येतो. मी वकील नाही, करार जाणत्या माणसाला दाखवाच. पण माझं मत विचाराल तर सहीआधी कोऑर्डिनेटरला साधा ईमेल टाका. मासे सोडणार आहात का, कोणत्या तारखेला, कुठून आणणार, सगळ्या बीटवर सारखे का, आणि हे प्रेक्षकांना सांगणार का. फोनवर बोलणं झालंच तर लगेच ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ म्हणून लिहून पाठवा. उत्तर आलं नाही तरी तुम्ही विचारलं होतं हे राहतं. निर्माता खाजगी असेल तर नंतर माहिती अधिकार त्याला थेट लागत नाही, म्हणून जे विचारायचं ते त्याला तुमची सही हवी असते तेव्हाच. करारातलं ‘वन्य’ खोडायला सांगा. संपादनाचा हक्क ते सोडणार नाहीत, तो हट्ट धरू नका, पण तुमच्या तोंडी किंवा तुमच्या माशावर खोटं निवेदन येणार नाही एवढी एक ओळ मागायला काही हरकत नाही.

महिनाही बघा. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, ब्राउनचा विणीचा काळ म्हणून. तुमचं चित्रीकरण त्यात येत असेल तर ती ‘नैसर्गिक नदी’ म्हणजे कोणाचं तरी खाजगी तळं असणार. तळ्यात खेळायला माझी ना नाही. आपल्याकडेही पैसे घेऊन तळ्यात चोणक गरवू देतात, त्याला कोणी मांडवी म्हणत नाही एवढंच.

तिथे गेल्यावर प्रत्येक माशाचा पाण्यातच, हात ओला करून, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. ब्राउनचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. उद्या पाण्याखालच्या शॉटमध्ये भलताच मासा तुमचा म्हणून लावला तर ठिपक्यांवरून दाखवता येतं. रिटेकसाठी मासा पुन्हा पुन्हा वर काढायला सांगतील. नाही म्हणा. आधीच दमलेला मासा हवेत धरून ठेवला की पोहत गेलेला दिसतो आणि पुढच्या वळणावर उलटा होतो. माझ्यासमोर झालंय, त्यावर पार्श्वसंगीत लावलं होतं.

2018 मध्ये मासे टिकवायला फॉर्मेलिन रसायन लावतात असं प्रकरण झाल्यापासून आपल्याकडची माणसं बाजारात कल्ला उघडून, वास घेऊन मग मासा घेतात. तीच माणसं टीव्हीवर दाखवतील तो मासा डोळे मिटून रानटी मानतात, याचं मला हसू येतं. कोणाला लागलं असेल तर माफ करा.

जावं का? मासे निदान काही आठवडे आधी, सगळ्या बीटवर पसरून सोडत असतील तर बिनधास्त जा, ती खरी स्पर्धा आहे. आदल्या दिवशी सोडतात पण पडद्यावर तसं सांगतात, तरीही जा, प्रवास आणि पाणी बघणं तेवढंच पदरात. आदल्या दिवशी सोडून वर ‘वन्य’ म्हणत असतील तर मी तरी जाणार नाही, विशेषतः तुम्हाला पुढे गाइडचं काम करायचं असेल तर. पोस्टमध्ये तुम्ही बक्षिसाची रक्कम लिहिली नाही. ती मोठी असेल तर माझा सल्ला ऐकणं कठीण जाईल, हे मला कळतं.

करार हाती आला की नावं आणि रकमा झाकून ते ‘वन्य’वालं पान इथे टाका. माझ्या करारातला मजकूर माझ्याकडे आहे, सारखाच निघाला तर कुठली ओळ बदलून मागायची ते सांगतो.