फ्रेम वाकडी, मिस्त्री म्हणतात बोर्डाखाली झाकेल

प्रश्न: दापोली तालुक्यातल्या आमच्या जांभ्याच्या घरावर माडी चढवतोय. आतल्या भिंतींना लाकडी फ्रेम उभी करून वर जिप्सम बोर्ड लावायचा आहे. लाकूड किंजळीचं, आमच्याच आवारातलं, पावसाच्या तोंडावर कापलेलं. काम ३ लाख ४० हजारांचं ठरलं, तेही व्हॉट्सअ‍ॅपवरच. २ लाख दिले. मी डोंबिवलीत राहतो. चतुर्थीला गेलो तेव्हा दोरी लावून पाहिलं, तर काही उभ्या पट्ट्या मध्येच बोटभर पुढे आल्यात. मिस्त्री म्हणतात, "बोर्ड लागला की काय दिसत नाय." पुढचा हप्ता नाही दिला तर काम सोडतो म्हणतात. दुसरा सुतार लावून खर्च वसूल करता येईल का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर: आधी मिस्त्रींना फोन करा आणि एकही बोर्ड चढवू नका म्हणून सांगा. तेच लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवा. तुमचा सगळा पुरावा आज उघडा उभा आहे. एकदा सांध्यांवर लांबी (पुट्टी) मारून रंग दिला, की तो दाखवायला भिंत फोडावी लागेल.

गावच्या बाहेरचा एखादा सिव्हिल इंजिनिअर घेऊन जा. दोन टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून त्यांवर दोरी ताणायची आणि तसलाच तिसरा ठोकळा प्रत्येक पट्टीवर धरून पाहायचा. दोरी ढकलली गेली तर तिथे फुगवटा, फट राहिली तर खळगा. फरक मिलिमीटरमध्ये त्या पट्टीवरच खडूने लिहा, टेप दिसेल असे फोटो काढा. शिवाय प्रत्येक पट्टीला ओळंबा (उभी रेष तपासायची, टोकाला वजन बांधलेली दोरी) लावा. हा ओळंबाच तुमच्या दाव्याचं भवितव्य ठरवेल, कारण तुमची कच्ची बाजू लाकडात आहे.

पट्टी सरळ आहे पण ओळंब्यात नाही, तर ती उभी करणाऱ्याची चूक. तिथे मिस्त्रींना बोलायला जागा नाही. पट्टीच वाकली किंवा पिळली असेल तर ते म्हणणार, "ओलं लाकूड तुम्हीच दिलंत." त्यात तथ्य आहे. तरी जाणकार म्हणून काम घेणाऱ्याने ओलं लाकूड नाकारायला हवं होतं, निदान सांगायला तरी. त्या दिवसांतले मेसेज पुन्हा वाचा. "अजून सुकूं दे" असं त्यांनी कुठे लिहिलं असेल, तर नुकसानीचा काही भाग तुम्हालाच सोसावा लागेल असं धरून चाला.

आता पैशांचं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली दिलेलं एक उदाहरण जवळपास तुमचंच आहे: घरदुरुस्तीचे पैसे आगाऊ घेतले, काम केलं पण ठरल्याप्रमाणे नाही, तर ते ठरल्याप्रमाणे करून घ्यायचा खर्च मालकाला मिळतो. पण थेट दुसरा सुतार आणू नका. आधी नोटीस द्या: फुगवटे रंध्याने उतरवा, खळग्यांवर पट्टी चढवून पातळी आणा, पिळलेल्या पट्ट्या बदला, मुदत १५ दिवस. सोबत इंजिनिअरच्या अहवालाची प्रत जोडा. मुदत टळली की दुसऱ्याकडून लेखी दर घेऊन काम करून घ्या आणि बिलं जपा.

तोवर अख्खा हप्ता अडवू नका. जे काम नीट झालंय त्याचे पैसे थकवलेत तर करारभंग तुमच्याच अंगावर शेकेल. दुरुस्तीपुरती रक्कम रोखा आणि का रोखली ते लिहून कळवा.

पोलिसांचं विसरा. वाईट सुतारकाम म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासूनच लुबाडायचा हेतू होता हे दाखवावं लागतं.

खर्च मिळाला नाही तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही 'सेवा' आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि कामाचा मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्यातही दाखल करता येते. पण माझा कल रत्नागिरीकडे आहे. जागा पाहायला आयोगाने कमिशनर (पाहणी करून अहवाल देणारा माणूस) नेमायची वेळ आली तर तिथून सोपं पडतं. एक मात्र खरं सांगा, माडी होमस्टेसाठी आहे का? असेल तर 'हा व्यापारी हेतू' असा आक्षेप येणार. स्वतः चालवून पोट भरण्यासाठीच असेल तर त्याला उत्तर आहे, पण ते तक्रारीतच मांडलेलं बरं.

आणि ज्या फोनवर हा सगळा करार झाला तो तूर्त विकू नका, रीसेटही करू नका. त्या चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल.